छबूला बाहेर जायचंय

आम्रपालीच्या थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, ते दोन हजार तेवीस साल. नामकरणाला दोन पाळणे लागले, एक घरचा आणि एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. आलेली प्रत्येक बाई पाळण्याची दोरी ओढता ओढता एकच विचारत होती – भावाचं झालं, आता हिचं कधी? आम्रपाली हसून पेढ्यांचं ताट पुढे करायची. नांदूरघाटच्या जनावरांच्या दवाखान्यात तिची नोकरी होती, स्वतःची स्कूटी होती, वय सव्वीस होतं. तिला घाई नव्हती.

नामकरणानंतर चार दिवसांनी, भाद्रपदातल्या एका कुंद दुपारी, ती वस्तीवरच्या गाईंना लस टोचून परत निघाली. भुरभुर पाऊस होता. चिखलात स्कूटीचं चाक रुतलं, तशी ती रस्त्याकडेच्या एका घराच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली. घर चांगलं बांधलेलं होतं. पण भर दुपारी दार बंद, खिडक्या बंद, आणि उंबऱ्याजवळच्या फटीत आतून पोत्याचे बोळे कोंबलेले. मुंगीसुद्धा बाहेर पडू नये असा बंदोबस्त.

आतून एक तरुण आवाज आला. हळू, विनवणीचा.

"आई… ए आई. गादीवर नको ना. सकाळीच धुतलीय. मी पाया पडतो तुझ्या."

आम्रपालीनं कान टवकारले. क्षणभर काहीच नाही. मग बारीक धार पडल्याचा आवाज.

"केलंसच," तो आवाज थकून म्हणाला.

अंथरुणाला खिळलेली म्हातारी असेल, असं तिला वाटलं. माणसांचं नाही तरी जनावरांचं दुखणं-खुपणं बघायची तिला सवय होती. तिनं कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं. खांद्यावर ओली गोधडी टाकलेला एक पोरगा, बोटं तांबूस-तपकिरी, डोळे जागरणानं लाल.

"काही मदत हवी का? आजारी आहेत का आई?"

तो तिच्याकडे, तिच्या हातातल्या लसीच्या डब्याकडे बघतच राहिला. मग घाईनं म्हणाला, "आत यायचं तर पटकन या. दार उघडं ठेवता येत न्हाई."

ती आत गेली. त्यानं दार लावलं, बोळे परत कोंबले. खोलीत गादी होती, गादीवर ओला डाग होता, आणि डागाशेजारी दीड वीत लांबीचं एक तपकिरी पिल्लू बसलं होतं. मादी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ते आम्रपालीकडे बघत नव्हतं. तिच्या खांद्यावरून मागं, कुणी उभं असावं तशा उंचीवर, एकटक बघत होतं.

तिनं वळून पाहिलं. भिंत होती.

"आई कुठंय?" तिनं विचारलं.

पोरग्यानं मान खाली घातली. "हीच."

त्याचं नाव सुरज लोमटे. नांदूरघाटला त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. बोटांना लागलेला तो रंग वॉर्निशचा होता. त्याची आई छबुबाई महिन्यापूर्वी गेली होती. त्यांच्याकडे दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं माणसानं देह ठेवला तिथं पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात आणि दार ओढून घेतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल त्या जन्माला माणूस गेलं, असं मानतात. बहुतेक घरात काही अस्पष्ट रेघा दिसतात आणि जो तो आपल्या मनासारखं बघतो. इथं रेघा नव्हत्या. सकाळी टोपली कलंडलेली, पिठात चार ठसठशीत पंजे, आणि दिव्याच्या उबेला हे पिल्लू झोपलेलं. कुठून आलं, कसं आलं, कुणाला ठाऊक नाही.

"बाबांनी ते बघितलं," सुरज म्हणाला, "आन त्या दिवसापासून दार लावलंय. ती परत गेली तर, म्हणून. जेवायला तिच्याआधी बसत न्हाईत. ओरडू देत न्हाईत. घरभर करते, आन मी धुतो."

आतल्या खोलीतून खोकला आला. पांढऱ्या दाढीचे बद्रीनाथ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागून त्यांची बहीण कौशल्याबाई आली. ती दिवस घालायला आलेली आणि भावाच्या काळजीनं राहिलेली. पिल्लू समोर दिसताच तिनं नकळत पदर डोक्यावर ओढला. नणंदेनं भावजयीसमोर एवढं करायची चाल नाही. पण मेलेल्या माणसाचा मान वेगळा.

"कोण बाई?" बद्रीनाथांनी विचारलं.

"दवाखान्यातल्या मॅडम हायेत बाबा. जनावराच्या… म्हंजे, सुई द्यायला."

"तिला सुई कावून?"

"काका, सगळ्यांनाच द्यावी लागते," आम्रपाली म्हणाली. तिनं पिल्लू उचललं. ते गरम होतं, चांगलं गुटगुटीत होतं, आणि त्याच्या अंगाला एक वास होता. ओल्या केसांचा नव्हे. मिसरीचा, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा.

"मिसरी कोण लावतं घरात?"

कौशल्याबाई म्हणाली, "वहिनी लावायच्या. आता कुणी न्हाई."

पाऊस थांबल्यावर आम्रपाली निघून गेली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिनं घरभर लक्ष फिरवलं. शहाबादी फरशीवर जागोजागी डाग, कोपऱ्यात फिनाईलच्या रिकाम्या बाटल्या, आणि वीस रात्री धड न झोपलेला तो पोरगा. ती बद्रीनाथांकडे वळली.

"काका, एक विचारू? छबुबाई कधी घरात बसायच्या का, त्यासाठी?"

म्हाताऱ्याची मान झटक्यानं वर आली. "भलतंच काय बोलता बाई."

"बाईमाणूस. सगळ्यांसमोर घरात करावं लागतंय. त्यांना काय वाटत असेल?"

बद्रीनाथ भिंतीला टेकले. बराच वेळ ते पिल्लाकडे बघत होते. मग त्यांचे डोळे भरले.

"ह्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई," ते म्हणाले. "मागं परस हाय. चारी बाजूनं भिंत हाय. तिथं न्ह्या. पुढचं दार मातर उघडं ठेवायचं न्हाई."

सुरजनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं स्कूटीची किल्ली उगाच दोनदा हातातून खाली पाडली.

मग ती येऊ लागली. आधी आठवड्यातून एकदा, सुईच्या निमित्तानं. मग दोनदा. मग निमित्त सांगायचंही राहून गेलं.

"दोन महिन्यांचं पिल्लू," ती परसात उभी राहून समजावायची. "दोन-अडीच तासांच्या वर त्याला धरवत नाही. खाल्लं की, झोपून उठलं की, खेळून झालं की – लगेच बाहेर. जागा एकच, शब्द एकच. जमलं की लगेच कौतुक आणि भाकरीचा तुकडा. नाही जमलं तर ओरडायचं नाही."

"शब्द कंचा?"

"काहीही. 'चल भाईर' म्हणा."

"आईला 'चल भाईर' म्हणू?" सुरज गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू आलं होतं, पण आत म्हातारा ऐकत होता. आम्रपालीनं ओढणीचं टोक दातात धरलं. सुरज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

"आणि फिनाईल बंद करा. त्यानं वास दबतो, जात नाही. आपल्याला नाही आला तरी तिला येतो, आणि ती तिथंच परत बसते. गरम पाण्यात लिंबू पिळून पुसायचं."

"मंजी फरशी बी तुमीच शिकवणार."

"तुम्हाला शिकवते. फरशी हुशार आहे."

"मॅडम, माणसानं चांगलं केलं तर त्याला बी काय तुकडा-बिकडा मिळतो का?"

"आधी करून दाखवा," ती म्हणाली. आणि मग किती वेळ… दोघंही पिल्लाकडेच बघत राहिले, ते काही करत नसतानासुद्धा.

पण त्या घरात हसू फार टिकत नसे. चार वाजले की पिल्लू जिथं असेल तिथून उठायचं, चुलीपाशी जाऊन बसायचं. गॅस आल्यापासून ती चूल कुणी पेटवत नव्हतं. ते तिथं बसून वर बघायचं आणि त्याची नजर हळूहळू सरकायची. चुलीपासून रांजणाकडे, रांजणापासून दाराकडे. कान त्याच दिशेनं वळायचे. कुणी घरकाम करत फिरावं आणि लेकरानं बघत राहावं, अगदी तसं. नजर दाराशी पोचली की शेपूट दोनदा हलायचं.

"चारला आई चहा ठेवायची," सुरजनं एकदा सांगितलं. "आन मग भाईर जाऊन बसायची, दारापुढच्या वट्ट्यावर."

आम्रपालीच्या घरात आजोबांपासून हे सगळं बंद होतं. पीठ नाही, पिंड नाही, कावळा नाही. माणूस जातं, त्याची आठवण राहते, असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं आणि ते तिला पटलेलं होतं. तरीही चार वाजता त्या स्वयंपाकघरात तिच्या दंडावर काटा यायचा. आणि एकदा तर असं झालं की परसात ती तीनदा "चल भाईर" म्हणाली, पिल्लू ढिम्म हललं नाही. मग तिच्या मागून कुणी हाक मारावी तसं त्यानं डोकं उचललं, तुरुतुरु भिंतीकडे गेलं आणि नेमक्या जागी बसलं. सुरज त्या वेळी दुकानात होता. म्हातारा झोपला होता. हवेत मिसरीचा वास होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी गेली. छबू – आता सगळेच तिला छबू म्हणत – शहाणी झाली. लागली की मागच्या दाराशी जायची आणि फळीवर पंजा मारायची. दोनदा. मग मागं वळून बघायची. आठ-आठ दिवस फरशी कोरडी राहू लागली. सुरज झोपू लागला. झोपलेला, दाढी केलेला सुरज चांगला दिसतो हे आम्रपालीनं स्वतःशी कबूल केलं. मग एका संध्याकाळी, स्कूटीला किक मारता मारता, त्याच्याजवळही.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गाडीचा आवाज."

"गाडी चालू न्हाई झाली अजून."

"मग ऐकलंच असेल."

त्यानं हँडलवर हात ठेवला. तिच्या हाताच्या शेजारी, एक बोट अंतर राखून. "आम्रपाली," तो म्हणाला, पहिल्यांदा नावानं. "मी बाबांना बोललो."

कौशल्याबाईनं पहिल्या आठवड्यातच तिचं आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर पुढचा प्रश्न गिळला होता. ते गिळणं तिला शाळेपासून ओळखीचं होतं.

"काय म्हणाले?"

"आत्या लई बोलली. बाबा कायच बोलले न्हाईत. शेवटी म्हणले – मी एकटा कोण ठरवणार, तुझ्या आईला विचारू. रविवारी." तो थांबला. "ती तुझं ऐकते. तुझ्या मांडीवर पंजा ठेवायला शिकवली तर… दोन दिवसात शिकंल. बाबा हो म्हणतील. आत्याला बी काय बोलता येणार न्हाई."

"म्हणजे तुझ्या आईच्या तोंडून मीच बोलू?"

"एकदाच."

"आणि लग्नानंतर? भांडण झालं, पोर झालं, शेत विकायचं निघालं… दर वेळी ते तिला विचारणार. दर वेळी मी खोटा पंजा टाकू?" तिनं हँडलवरचा हात काढून घेतला. "एकदा मी त्यांच्याशी तसं खोटं बोलले, सुरज. तुझ्या झोपेसाठी. तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिलंय."

"मंग ती नको म्हणली तर?"

"कुत्री आहे ती. ती काय म्हणणार?"

पण हे म्हणताना ती घराकडे बघत नव्हती.

रविवार उजाडला. मार्गशीर्षातली पिवळी, शांत दुपार. पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. बद्रीनाथ धुतलेलं धोतर नेसून बसले होते, सुरज त्यांच्या डाव्या हाताला, कौशल्याबाई खांबाला टेकून, पदर घट्ट. आम्रपाली समोर. मध्ये छबू, आता चांगली हातभर झालेली. बंद खिडक्यांच्या फटींतून ऊन येत होतं. बाहेर एक पाखरू बोलत नव्हतं.

म्हाताऱ्यानं हात जोडले.

"छबू," ते म्हणाले. "पस्तीस वरीस तुला इचारल्याबिगर मी काय केलं न्हाई. आपल्या सुरजच्या मनात ही पोरगी हाय. तिनं तुझी लई सेवा केली. जात आपली न्हाई. मला समजत न्हाई मी काय म्हणावं. तू सांग. हिला घरात घेऊ का?"

छबूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आम्रपालीकडे. एक पाऊल तिच्या बाजूला टाकलं, आणि सुरजचा श्वास अडकलेला आम्रपालीला ऐकू आला. मग छबूची नजर वर गेली. कुणी उभं असावं तेवढ्या उंचीवर. ती नजर हळूहळू सरकत गेली, चुलीच्या बाजूनं, रांजणावरून, पुढच्या दाराकडे. छबू उठली. दाराशी गेली. पंजा उचलून फळीवर मारला. दोनदा. आणि मागं वळून पाहिलं.

"दार दाखिवलं," कौशल्याबाई पुटपुटली. "बघ दादा. वहिनीनं दार दाखिवलं."

सुरज पांढरा पडला. बद्रीनाथांची मान हळूहळू खाली आली. आम्रपालीला कळलं की आता गप्प राहिलं तर सुरज गेला. आणि खरं बोललं तर या म्हाताऱ्याची बायको जाईल. दोन्हींत काही निवडण्यासारखं नव्हतं. तरी ती बोलली.

"काका, तिला बाहेर जायचंय. तेवढंच. मी शिकवलंय तिला. लागली की दारावर दोनदा पंजा मारायचा. चार महिने मी तिला हेच शिकवत होते. ते छबुबाईंचं बोलणं नाही. कुत्रीची खूण आहे." तिनं डोळे पुसले. "आणि पहिल्या दिवशी मी म्हणाले ना, की बाईमाणसाला लाज वाटत असेल… ते मी तुमच्याकडून दार उघडून घ्यायला म्हणाले. मला माफ करा."

छबूनं पुन्हा पंजा मारला. दोनदा.

"पर तू मागचं दार शिकिवलं व्हतंस," बद्रीनाथ म्हणाले.

"हो."

"मागचं दार उघडंच हाय की आत्ता."

आम्रपालीनं पाहिलं. स्वयंपाकघरापलीकडे परसाचं दार सताड उघडं होतं. ऊन आत आलं होतं.

"मंग ही हितं कावून आली?"

"ते मला माहीत नाही, काका."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. तिच्या आयुष्यात तिच्याकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. आणखी एखादं खोटं आहे का, हेच ते शोधत असावेत. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"भाईर जायचंय तिला," ते म्हणाले, कुणालाच नाही. "चार म्हैने दार वाजवतीया. आन मीच बोळे कोंबून बसलोय."

त्यांनी वाकून पोत्याचे बोळे एक एक करून काढले. कडी त्यांच्या हाताला निघेना. सुरज मदतीला उठला, त्यांनी हातानं थांबवलं. दार सताड उघडलं. एवढा उजेड आत आला की सगळ्यांनी डोळे मिटले. थंड वारा आला, आणि त्या वाऱ्याच्या उलट, आतून बाहेर, मिसरीचा वास त्यांच्यामधून गेला. आम्रपालीला आला. सुरजला आला. कौशल्याबाईनं तोंडावर पदर धरला आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

छबू उंबरा ओलांडून वट्ट्यावर गेली. तिथं थांबली. रस्त्याच्या वळणाकडे, जिथं कुणीही नव्हतं, तिकडे बघत तिनं शेपूट हलवलं. नजर लांब लांब जात राहिली, बाभळीपर्यंत, बाभळीच्या पलीकडे. मग ती वट्ट्यावरून खाली उतरली, मातीत गोल फिरली, बसली, आणि साध्या कुत्रीसारखी मोकळी झाली.

परत आली तेव्हा ती थेट आम्रपालीच्या तोंडाकडे बघत होती. भाकरीच्या तुकड्यासाठी. तिच्या खांद्यावरून मागं तिनं पुन्हा कधीच पाहिलं नाही.

"दे तिला," बद्रीनाथ म्हणाले. "नीट केलं तिनं." आणि थोड्या वेळानं, दाराच्या चौकटीला धरून, "पोरी, तुझ्या आईबापाला कधी भेटाया येऊ, इचारून सांग."

सुरजनं आम्रपालीचा हात धरला. सगळ्यांसमोर, वॉर्निश लागलेल्या बोटांनी.

फेब्रुवारीत त्यांनी बीडला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आम्रपालीच्या आईनं, मालनबाईनं, जुळ्या नाती दोन्ही कडेवर घेऊन फोटो काढले. कौशल्याबाई उशिरा आली, कोपऱ्यात बसली, पण जेवून गेली.

लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी बद्रीनाथ सुनेच्या स्कूटीवर मागं बसून नांदूरघाटला गेले. त्यांनी पेटीतून बायकोचा एक जुना फोटो काढून आणला होता. फ्रेमवाल्यानं काच पुसली, फोटो बसवला आणि पेन हातात घेऊन विचारलं, "नाना, खाली काय लिहू?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली. सुनेनं त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी घसा साफ केला आणि एक एक शब्द नीट सांगितला.

"लिव्ह. छबुबाई बद्रीनाथ लोमटे. वारली सोमवारी, चौदा ऑगस्ट दोन हजार तेवीसला, सकाळी."